खालचा सूर आणि दोन बाह्या

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. कापड बेतणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, एवढ्याच भांडवलावर ते मास्तर झाले, आणि त्यांच्याशी लग्न केल्यामुळे त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. खाली दुकान, वर घर. मधल्या जिन्याच्या कठड्यावर कायम कुणाची तरी कच्च्या शिलाईतली पँट लटकलेली असे, आणि नवखा पाहुणा आधी दचकून तिला वाट करून देई.

मास्तरांचं सगळं जग शिंपीकामातूनच बेतलेलं होतं. अमका माणूस कसा आहे असं विचारलं तर ते म्हणत, कापड बरं आहे, अस्तर बघायला हवं. शेजारच्यांचं भांडण मिटलं की म्हणत, कच्ची शिलाई झालीय, ओढू नका. आणि त्यांच्या लेखी माणसानं घसरून गाठायची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एकाच हाताच्या दोन बाह्या कापणं. शर्टाच्या दोन बाह्या दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या नसतात. आरशात बघावं तशा एकमेकींच्या उलट असतात. नवशिका घाईत दोन्ही एकाच बाजूच्या कापून ठेवतो, आणि मग दोन डावे हात असलेलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो शर्ट तसाच पडून राहतो. मास्तरांच्या हातून हे कधीही घडलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना सात्त्विक अभिमान होता, आणि या हकिकतीत जो घोटाळा झाला तो नेमका त्या अभिमानामुळेच झाला.

मास्तरांना व्यसन एकच, गाणं ऐकण्याचं. गल्लीच्या टोकाची नृत्यशाळा बंद पडली तेव्हा तिथला जुना स्टिरिओ त्यांनी उचलला: तबकड्यांचा प्लेयर, एक जडशीळ अँप्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. ते जिन्यावरून वर चढवताना मास्तरांची कंबर धरली आणि मास्तरीणबाईंचं तोंड सुटलं. तारा मास्तरांनी स्वतः ओढल्या. भिंतीच्या कडेनं, कापडाच्या बारीक फासांतून ओवून, इतक्या सफाईनं की तारा ओढल्यात असं वाटू नये, काठ दुमडलाय असं वाटावं. स्पीकरच्या पाठीवर तारा जोडायच्या दोन-दोन खुंट्या होत्या, त्यांचे ओळखीचे लाल-काळे रंग नाचणाऱ्यांच्या पिढ्यांनी घासून घालवले होते, पण मास्तर अडले नाहीत. डोळ्यांना जोडी कळते, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत भिंतीला घट्ट चिकटून उभे राहिले, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. आवाज आला. मास्तर खूश झाले. वर्षानुवर्षं ते त्यावर खूशच होते, आणि ताईंचा फोन आला नसता तर शेवटपर्यंत खूश राहिले असते.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. नोकरीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, खुंट्या खुपसून माणसं जोडायच्या काळात. गावातल्या प्रत्येक टेलिफोनचा रस्ता ताईंच्या ‘नंबर सांगा’ मधून जायचा. आवाज खोल, जाड, रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा. नवखी माणसं त्यांना साहेब म्हणत. ताई चूक दुरुस्त करत नसत. साहेब म्हटलं की लोक कमी भांडतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

एक्स्चेंजमधल्या बायकांचं एक गायनमंडळ होतं. खात्याच्या कुठल्याशा वर्धापनदिनाला त्या मंडळाची एक तबकडी निघाली. वरच्या सुरात गाणाऱ्या पुष्कळ, खालच्या सुरात एकट्या ताई. तबकडीच्या वेष्टनावर फोटो होता. त्यात ताई मागच्या रांगेत होत्या आणि त्यांचा अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या अंबाड्यामागे गेला होता. म्हणजे फोटोत त्या निम्म्या होत्या. तबकडीत तर अजिबातच नव्हत्या. ताईंच्या घरी तेव्हा डब्याएवढा प्लेयर होता, त्यातून वरचे आवाज मुंग्यांसारखे रांगेनं बाहेर पडत. खालचा सूर त्याच्या दारात मावतच नसे. पुढे तो डबा मोडला, तबकडी मास्तरांकडे आली, मोठे स्पीकर आले, तरी ताईंचा पत्ता नाही.

भावोजींना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, हा विषय भलताच मानवला होता. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. हयातभर दुसऱ्यांच्या तराजूंकडे संशयानं बघितल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमची भुवई चढली होती, ती निवृत्तीनंतरही उतरली नाही. चार माणसं जमली की ते सांगत, ‘हिनं नुसते ओठ हलवले हो. मोजून बघा, एक आवाज कमी भरतो.’ सगळे हसत. ताईही हसत. वर्षामागून वर्षं हसत आल्या.

आणि मग त्या दिवशी फोनवर, भलतंच काहीतरी बोलता बोलता ताई म्हणाल्या, ‘अरे, मला हल्ली वाटतं, यांचंच खरं असेल. घाबरले असेन मी. नुसते ओठच हलवले असतील. आता आठवत पण नाही बघ.’

मास्तरांनी फोन ठेवला. लहानपणी अंधारात त्यांना झोप लागायची ती याच आवाजावर. तो आवाज आता स्वतःवरच शंका घ्यायला लागला होता. पुढच्या आठवड्यात ताई आणि भावोजी राहायला येणार होते. तोवर ताई त्या तबकडीतून बाहेर आल्या पाहिजेत, असं मास्तरांनी ठरवलं. कशा, ते ठरवलं नव्हतं.

मार्ग दाखवला दातांच्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. ऐकण्याच्या नादापायी त्यांनी एकेकाळी नको नको ती यंत्रं घेऊन पाहिली होती आणि त्यातून ते शहाणे होऊन बाहेर पडले होते, जे सहसा कुणाच्या बाबतीत होत नाही. पँटची ट्रायल देताना, तोंडात टाचण्या धरलेल्या मास्तरांनी विषय काढला. नवीन स्पीकर घ्यावेत का, असं टाचण्यांमधून विचारलं.

डॉक्टर म्हणाले, आधी खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टण्ण’ असं आलं तर दोष स्पीकरचा नाही, भिंतींचा. तुम्ही गाणं कमी आणि भिंती जास्त ऐकताय. मग त्यांनी एका पायावर तोल सांभाळत सगळं सांगितलं. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा त्रिकोण करा, तिन्ही बाजू सारख्या. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका. बाजूच्या भिंतींवर, आवाज जिथे आदळून तुमच्याकडे उसळतो, तिथे काहीतरी जाड, मऊ टांगा.

‘आणि तो कुठे आदळतो, ते कळायचं कसं?’

‘आरसा घ्या. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणी आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा. जिथे तुम्हाला आरशात स्पीकर दिसेल, तिथेच.’

हे मास्तरांना लगेच पटलं. आरसा, टेप, टांगायला कापड. हे तर आपलंच खातं निघालं.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी खोलीच्या मधोमध टाळी वाजवली. ‘टण्ण’ असं स्वच्छ ऐकू आलं. मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, ‘आले, आले. टाळ्या वाजवून बोलवायची नवीन पद्धत काढलीत का?’

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की माणसं आयुष्यभर घर सजवतात ते दिसायला बरं दिसावं म्हणून, ऐकायला बरं वाटावं म्हणून सजवल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण ताईंचं नाव निघालं तशा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. नणंदेची आणि त्यांची लग्नानंतरची पहिली काही वर्षं चकमकीत गेली होती, आणि एवढ्या चकमकींनंतर माणूस आपोआप आपलं होतं.

ट्रायल-रूमचा उभा आरसा वर आला. मास्तर टेपनं मोजून ठेवलेल्या खुर्चीत बसले, आणि मास्तरीणबाई आरशाला मिठी मारून भिंतीच्या कडेकडेनं सरकू लागल्या.

‘थोडं पुढे. अजून. अजून थोडं. थांब, दिसला.’

‘काय?’

‘स्पीकर.’

‘एवढा संसार केला,’ आरशामागून आवाज आला, ‘आणि आरशात तुम्हाला दिसला तो स्पीकर.’

तिथे खडूनं फुली मारली गेली. मग मास्तरांनी दुकानातल्या कतरणींची पोती उपसली. गाद्यांसारख्या जाड, चौकोनी उशा शिवल्या, आत कतरणी ठासून भरल्या आणि वरून सुटाबुटाच्या कापडांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा जोडकाम केलेला अभ्रा. त्या भिंतीवर टांगल्यावर खोलीत गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी एकदम येऊन बसल्यासारखं वाटू लागलं. अमक्या वकिलाचा कोट, तमक्या व्यवस्थापकाची पँट, सगळे खांद्याला खांदा लावून. डॉक्टर पाहायला आले तेव्हा त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवून विचारलं, हे माझ्या जाकिटाचं कापड ना? यातलं काहीच उरलं नाही असं तुम्ही मला सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, आवाजासाठी ठेवलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते पुढच्या चौकोनाकडे वळले. दातांच्या धंद्यात त्यांनीही बरंच काही जपून ठेवलेलं असावं.

स्पीकर कोपऱ्यातून पुढे आले. त्यांच्या पायांखाली, जमिनीनं थरथरून सूर खाऊ नये म्हणून, कोटाच्या खांद्यांत घालायचे पॅड गेले. त्यामुळे स्पीकर एकदम ताठ आणि रुबाबदार दिसू लागले. एका विशिष्ट सुराला खोलीत माशी घोंघावल्यासारखा आवाज येई. त्याचा माग मास्तरीणबाईंनी काढला. कपाटावरची बटणांची काचेची बरणी होती. तिला खाली दुकानात पाठवून देण्यात आलं. उघड्या फरशीवर जाड सतरंजी आली, खुर्ची मागच्या भिंतीपासून सुटी झाली आणि रस्त्यातच येऊन बसली. आता स्वयंपाकघरात जायचं तर पाहुण्याला वळसा घालावा तसा खुर्चीला वळसा घालावा लागे.

मास्तरांनी पुन्हा टाळी वाजवली. या वेळी नुसतीच टाळी वाजली, मागे काही नाही. मास्तरीणबाईंनीही एक वाजवून पाहिली. मग दोघांनी मिळून थोडा वेळ वाजवल्या. खालून जाणाऱ्या दोघातिघांनी वर बघितलं.

आणि गाणं खरोखर बदललं. भिंतींनी तोंड मिटल्यावर वाद्यं एकेक करून पुढे आली. एका जुन्या गाण्यात तबलजी मध्येच घसा खाकरतो, हे मास्तरांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. ज्या बाईचा आवाज पडद्यामागून आल्यासारखा वाटे तिनं पडदा बाजूला सारला. मास्तरीणबाई भाजी निवडता निवडता थांबून ऐकू लागल्या आणि मग त्याबद्दल नवऱ्यावरच चिडल्या.

फक्त एक्स्चेंजच्या तबकडीत ताई काही सापडेनात. वरचे आवाज कसे लख्ख, सुटे सुटे झाले, मोजून घ्यावेत असे. पण त्यांच्याखाली जमीन नव्हती. सगळ्या बायका हवेत लोंबकळत गात होत्या. मास्तरांनी खुर्ची बोटभर पुढे घेतली, बोटभर मागे घेतली. उशा वर टांगल्या, खाली टांगल्या. आणि तोवर ताई आल्या.

भावोजींनी दारातूनच खोलीवर नजर फिरवली आणि चढलेली भुवई आणखी चढवून विचारलं, घराला थंडी वाजते का. ताई मात्र एकेका उशीवरून हात फिरवत गेल्या. मास्तरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं आणि, मास्तरांनी सांगू नकोस म्हणून बजावलेलं असूनही, हा सगळा उपद्व्याप कशासाठी ते सांगून टाकलं.

तबकडी लागली. ताई डोळे मिटून बसल्या. पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं. मास्तर बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो आधी ताणलेला होता, मग आशेचा होता, मग हळूहळू नुसता सभ्य झाला.

‘छान वाजतंय रे,’ ताई म्हणाल्या. ‘त्या सगळ्या जणी किती स्वच्छ ऐकू येतात. मी नव्हतेच, बघ. जाऊ दे, मीच उगाच सांगत बसले इतकी वर्षं.’

भावोजींनी खरं तर या ठिकाणी त्यांचा नेहमीचा विनोद करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही. बायकोच्या तोंडून आपलाच विनोद इतका गंभीरपणे ऐकल्यावर त्यांना तो कुठे ठेवावा ते कळेना. अशा वेळी निरीक्षक जे करतो तेच त्यांनी केलं: मोजमाप काढलं. दोन स्पीकर खुर्चीपासून सारख्याच अंतरावर आहेत कशावरून, असं पुटपुटत त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली, गाणं चालू असतानाच उजव्या स्पीकरच्या मागे वाकून शिरले, आणि कापडाच्या फासांत सफाईनं लपवलेल्या तारेत त्यांचा पाय अडकला.

तार निघाली. उजवा स्पीकर बंद पडला. भावोजी वकिलाच्या कोटावर जाऊन आदळले.

आणि खोलीत एक जाड, खोल, रांजणातला आवाज गाऊ लागला.

एकट्या डाव्या स्पीकरमधून बायका गात होत्या, आणि त्यांच्या पायाखाली आता जमीन होती. मास्तरीणबाईंच्या हातातला पेला तसाच तिरका राहिला. ताईंनी डोळे उघडले, भिंतीवर हात टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘ही मी.’

मास्तरांचं डोकं चालेना. कापड निम्मं केलं आणि कोट मोठा झाला, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तार पुन्हा जोडली: ताई गेल्या. सोडली: ताई आल्या. पुन्हा जोडली.

‘अहो, खेळताय काय,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘उलटी लावून बघा ना.’

‘उलटी कशी लावणार? जोडी आहे ती. दोन तारांतली पांढऱ्या रेघेची तार दोन्हीकडे बाहेरच्या खुंटीला घेतलीय मी. डाव्याला डावीकडे, उजव्याला उजवीकडे. आपल्या बाह्या असतात ना, अगदी तशी...’

इथे मास्तर थांबले. त्यांचा हात तारेवर होता. स्पीकर काही एकमेकांच्या उलट जन्माला येत नाहीत. दोघांच्या पाठी एकाच साच्यातून निघतात. मास्तरांनी डोळ्यांना शोभेल अशी जोडी लावली होती, आणि इतकी वर्षं एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा ती मागे ओढत होता. खालचे सूर दोघांच्या मध्ये सापडून तिथल्या तिथे जिरत होते. हे नंतर डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं; त्या क्षणी मास्तरांना एवढंच कळलं, की आपण बाह्या शिवल्या.

‘दोन्हीकडे सारखीच लावा,’ मास्तरीणबाई म्हणाल्या.

‘सारखी लावली तर एकाच हाताच्या होतील.’

‘होऊ द्या. त्यांना कुठे शर्ट घालायचाय?’

मास्तरांनी श्वास रोखून, आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. दोन्ही बाजू एकाच हाताच्या केल्या. मग सुई तबकडीच्या सुरुवातीला नेऊन ठेवली.

आता त्या खोलीनं, त्या उशांनी, खांद्याच्या पॅडांनी आणि रस्त्यात बसलेल्या खुर्चीनं आपापलं काम केलं. दोन स्पीकरांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं, तिथे बायकांची एक पूर्ण रांग उभी राहिली. वरचे आवाज पुढे, आणि मागे, जराशी डावीकडे, जिथे फोटोत अंबाडा होता तिथे, ताई. तरुण, खणखणीत, कुणाला न घाबरता गाणाऱ्या. त्यांच्या त्या सुरावर बाकीच्या सगळ्या जणी ओट्यावर भांडी टेकावीत तशा टेकल्या होत्या.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सगळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत ताई एकट्याच, अर्धा शब्द आधी सुरू झाल्या. बाकीच्यांनी धावत येऊन त्यांना गाठलं.

ताईंनी तोंडावर हात नेला आणि हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. ‘अरे, मंडळाच्या बाईंनी काय डोळे वटारले होते माझ्याकडे! त्यांचं तोंड आता दिसतंय मला. हे कसं विसरले मी?’

‘घाई केलीस,’ भावोजी म्हणाले. माप चुकलं की त्यांना राहवत नसे.

‘केली. पण गायले ना?’

‘गायलीस.’

‘नीट ऐकू नाही आलं.’

‘गायलीस म्हटलं ना,’ भावोजी म्हणाले आणि त्यांनी टेप घडी घालून मास्तरांच्या गळ्यात परत अडकवली. घरात आल्यापासून प्रथमच त्यांची भुवई जागेवर आली होती आणि त्यामुळे ते जरा वेगळेच, चांगल्या घरातले वाटत होते. ‘मास्तर, परत लावा. सुरुवातीपासून.’

परत लागली. जेवायच्या आधी लागली, जेवल्यावर लागली. तिसऱ्या की चौथ्या वेळी ताई खुर्चीतून उठल्या आणि स्वतःच्याच तरुण आवाजाबरोबर गाऊ लागल्या, आणि दुसऱ्या कडव्याला दोघीही अर्धा शब्द आधीच सुरू झाल्या. मास्तरीणबाईंनी आपल्याला गाता येत नाही असं जाहीर करून गायला सुरुवात केली आणि ते खरं असल्याचं दाखवून दिलं. मास्तर कोपऱ्यात उभे होते. एकाच हाताच्या दोन बाह्या आपण शिवल्या हे बाहेर कुणाला कळू नये असं त्यांना वाटत होतं, आणि सगळ्यांना सांगत सुटावं असंही वाटत होतं.

पाहुणे गेल्यावर काही दिवसांनी भावोजींचा फोन आला. एक जुना स्टिरिओ पाहिलाय, ते म्हणाले. भिंती मोजून ठेवल्यात. उशा किती जाड शिवायच्या, आणि कुणाच्या कापडाच्या, तेवढं सांगा. माझं स्वतःचं म्हणाल तर कोटाचं थोडं उरलं असेलच तुमच्याकडे. मास्तर उशांची मापं सांगत होते, आणि फोनमध्ये भावोजींच्या मागून, बहुधा त्यांच्या स्वयंपाकघरातून, कुणीतरी गात होतं. टेलिफोनच्या तारेतून खालचे सूर फारसे येत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. मास्तरांना तो खालचा सूर ऐकू आला. दुसऱ्या कडव्यापाशी आवाज क्षणभर थांबला, आणि मग भावोजींचं वाक्य अर्ध्यावर असतानाच, जरा घाईनं, सुरू झाला.